पिकअपचं फोर बाय फोर लागत नाही, दिवा नुसता लुकलुकतो

राजापूर_बागवाला
डबल कॅब डिझेल पिकअप आहे. नॉब टू-एचवरून (फक्त मागची चाकं) फोर-एचवर (चारही चाकं) नेला की खालून मोटर फिरल्याचा आवाज येतो, पण डॅशवरचा हिरवा दिवा लुकलुकत राहतो. ओल्या जांभ्याच्या चढाला फक्त मागची चाकं फिरतात. फ्यूज ठीक आहेत. गॅरेजवाला म्हणतो, ट्रान्सफर केसची (पुढच्या चाकांकडे ताकद वळवणारी पेटी) मोटर बदला. बदलू का?

दापोली४x४
दादा, इतक्यात नको. मोटर फिरतेय म्हणजे नॉबपासून मोटरपर्यंतची वायर शाबूत आहे. काम दोन टप्प्यांत होतं: आधी ट्रान्सफर केस पुढच्या शाफ्टला जोडते, मग पुढचा ऍक्सल जोडला जातो. दुसरा टप्पा पुरा होईपर्यंत दिवा लुकलुकतो.

कुठे अडलंय ते घरीच कळेल. सपाट जागा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, हँडब्रेक. फोर-एच लावून इंजिन बंद करा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून पुढच्या ऍक्सलपर्यंतचा दांडा) हाताने फिरवा. थोडा ढिलेपणा सोडून गरगर फिरला तर दोष ट्रान्सफर केसकडे. घट्ट असेल तर पुढचं एकच चाक जॅकवर उचला, खाली स्टँड लावा आणि चाक फिरवा. मोकळं फिरलं तर ऍक्सल जोडलाच गेलेला नाही.

राजापूर_बागवाला
शाफ्ट घट्ट, चाक मोकळं. ऍक्सलवर बशीसारखा काळा डबा आहे, त्याला दोन बारीक रबरी नळ्या.

मालवणी_गिअर
मग मोटरवर पैसे घालूच नका, तुमचा ऍक्सल व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर, त्या काळ्या डब्यातून जोडला जातो. डिझेलला व्हॅक्यूम वेगळ्या पंपातून मिळतो, बहुतेक गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागे असतो आणि ब्रेक बूस्टरही त्यावरच चालतो. ब्रेक पेडल हलकं असेल तर पंप ठीक.

गाडी न्यूट्रलमध्ये, चाकांना दगड, इंजिन चालू, फोर-एच लावलेलं. डब्यावरच्या नळ्या एकेक काढून तोंडावर बोट धरा. एकीने बोट ओढलं पाहिजे. कुठलीच ओढत नसेल तर नळ्या धरत वर सोलेनॉइडपर्यंत (ही ओढ चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) जा. नळी वाकवून बघा: सरळ असताना चीर मिटलेली असते, वाकवली की तोंड उघडते. बहुधा टोकाशी, पाइपवर चढते तिथेच. नळी लांब असेल तर तेवढा तुकडा कापून पुन्हा बसवा, नाहीतर त्याच मापाची नवी घाला.

नळी चांगली असेल तर सोलेनॉइडच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा. फोर-एचला 12 व्होल्ट येऊनही ओढ नसेल तर सोलेनॉइड गेला. 12 व्होल्टच नसतील तर पिना बघा. आपल्या खाऱ्या हवेत त्या हिरव्या पडतात. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, कोरडं होऊ द्या, मग डायइलेक्ट्रिक ग्रीस. होडीचा ट्रेलर पाण्यात उतरवणाऱ्या गाड्यांचं हे कायमचं दुखणं आहे, अर्थिंगची वायरही तिथे गंजते.

ओढ येऊनही ऍक्सल जोडला जात नसेल तर डब्याला हातपंपाने व्हॅक्यूम द्या. पंपाच्या मीटरचा काटा मिनिटभर टिकला पाहिजे. पडला तर आतला पडदा फाटलाय.

राजापूर_बागवाला
सापडलं. सोलेनॉइडच्या बाजूच्या टोकाला केसाएवढी चीर. दोन सेंटिमीटर कापून बसवली, दिवा स्थिर झाला.

दापोली४x४
दुसरी नळीही त्याच वयाची आहे, दोन्ही बदला. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर 10–15 किलोमीटर फोर-एच चालवा, म्हणजे ऍक्सल जोडणारा आतला फोर्क जाम होणार नाही. कोरड्या डांबरावर मात्र लावू नका. अशा गाडीत मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या ऍक्सलला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा) नसतो; वळणावर पुढचा-मागचा ऍक्सल एकमेकांशी झुंजतो आणि नंतर फोर-एच सुटत नाही. अडकलंच तर दोन मीटर सरळ रिव्हर्स घ्या.