१०० वर्षांनंतरच्या माणसांचं नुकसान आज कितीचं धरायचं?

प्रश्न
क्लायमेट चेंजचं इकॉनॉमिक्स वाचतेय आणि एका जागी पार अडकलेय. १०० वर्षांनी होणारं १ कोटीचं नुकसान ५% डिस्काउंट रेटने (पुढची रक्कम आजच्या मोलात आणताना दरवर्षी घटवायचा दर) आज जेमतेम ७६ हजारांचं भरतं, आणि रेट १.४% धरला की तेच जवळपास २५ लाख. एक आकडा बदलला की आज किती खर्च करायचा हे उत्तरच फिरतं. तो ठरवायचा कुणी? ज्यांना भोगायचंय ते तर जन्मलेच नाहीत अजून.

प्रतिसाद १
आधी त्या रेटमधल्या दोन गोष्टी सुट्या कर. एक म्हणजे पुढचे लोक आपल्यापेक्षा श्रीमंत असतील, तर तेवढ्याच रकमेचं त्यांना कमी मोल. दुसरी निव्वळ घाई, नंतरचं आहे म्हणून कमी. स्वतःच्या पैशांबाबत घाई कर ना, कोण अडवतंय, पण दुसऱ्याचा त्रास तो उशिरा जन्मला म्हणून कमी मोजायचा हे मला अजिबात पटत नाही, आणि ब्रिटिश गणिती-अर्थतज्ज्ञ रॅम्सेने १९२८ मध्येच हे नैतिकदृष्ट्या टिकत नाही असं लिहिलंय. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ स्टर्नने २००६ मध्ये क्लायमेट चेंजवरच्या अहवालात घाईचे फक्त ०.१% धरले, तेही माणूसजातच संपण्याच्या शक्यतेपोटी. तुझ्या १.४ मधले उरलेले १.३ वाढीचे.

प्रतिसाद २
अमेरिकन अर्थतज्ज्ञ नॉर्डहाउसची बाजू पण ऐका. त्याचं म्हणणं, रेट बाजारात खरोखर मिळणाऱ्या परताव्याशी जुळायला हवा, नाहीतर जो पैसा दुसरीकडे गुंतवून पुढच्यांना जास्त देता आला असता तो कमी फायद्याच्या कामात जाईल. मुद्दा वजनदार आहे. फक्त तो परतावा १०० वर्षं कुणी न खाता त्यांच्यापर्यंत पोचवणार कसा, हे मला कुठेच सापडलं नाही.

प्रतिसाद ३
आणि "श्रीमंत असतील" ही सरासरी झाली, किनारा बुडाल्यावर घर सोडणाऱ्याला सरासरीचा काय उपयोग. शिवाय वाढ होईलच हे गृहीत धरून आपण तीच वाढ पोखरणारं संकट मोजतोय! हे आकडे नुसते पुस्तकात राहत नाहीत हो, अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०२३ मध्ये टनामागे कार्बन डायऑक्साइडचं नुकसान १९० डॉलर धरलं, आधी सरकारी आकडा ५१ होता. नुकसानीचे अंदाजही सुधारले होते, पण रेट ३ वरून २ टक्क्यांवर आणला हे मोठं कारण.

प्रश्नकर्ती
वाढ १.३ ऐवजी ०.५ धरून, म्हणजे रेट ०.६%, आत्ता परत मोजलं. ५५ लाख आले.