मदत हवी आहे: चिखलात फेकलेलं भात उगवेना, बियाला लोखंडाचा लेप कुणी दिलाय का?

नमस्कार मंडळी. शिराळा तालुक्यात, वारणाकाठी आमचं दीड एकर भात. दरवर्षी मेअखेरीस धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, कुरीनं (पेरणीच्या अवजारानं) पेरतो. २०२५ ला मेमध्येच पाऊस लागला आणि पेरणीजोगी घातच (कोरडी वेळ) सापडली नाही. तरवा (लावणीची रोपं) टाकायचा राहिला, लावणीला बायाही मिळेनात. शेवटी चिखलणी करून मोड आलेलं इंद्रायणीचं बी हातानं फेकलं. त्याच रात्री पाऊस कोसळला, वाफ्यात वीतभर पाणी.

आठव्या दिवशी चिखलात हात घालून बी वर काढलं. पांढरा कोंब दोऱ्यासारखा लांबलेला, मुळाचा पत्ता नाही. खालचा चिखल काळाभोर, सडक्या अंड्यासारखा वास. बांधालगतच्या उंचवट्यावर तेच बी हिरवंगार, म्हणजे बियाण्यात खोट नव्हती. भाताचा कोंब हवेवाचून वाढतो, मूळ वाढत नाही. वडील सत्तरीचे आहेत. मोकळा वाफा बघून दोन दिवस धड जेवले नाहीत.

जपानात यावर बियाला लेप देतात असं वाचलं. कॅल्शियम पेरॉक्साइडचा लेप ओलाव्यात हळूहळू ऑक्सिजन सोडतो, त्यामुळे चिखलात गाडलेलं बीही तगतं. मॉलिब्डेनमचा लेप त्या वासामागचं सल्फाइड आवरतो. मला परवडेलसा वाटतो तो लोखंडाच्या भुकटीचा. भुकटी, भाजलेला जिप्सम आणि पाणी; गंज चढला की थर घट्ट बसतो. बी जड होतं, पाण्याबरोबर वाहत नाही, पाखरंही सहसा टिपत नाहीत. पण यातून ऑक्सिजन मिळत नाही, म्हणून हे बी वरच टाकायचं, गाडायचं नाही.

माझी अडचण गंज चढतानाची आहे. तेव्हा बी तापतं म्हणतात. ताडपत्रीवर किती पातळ पसरायचं? आमच्याकडे पावसाळ्यात वाळवायला ऊनही नसतं. आणि भुकटी किती बारीक घ्यायची? कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

उत्तर: दादा, ढीग अजिबात ठेवू नका, आतल्या उष्णतेनं अंकूर मरतो. छपराखाली एक-दोन दाण्यांचा थर पसरा, वरचेवर पाणी शिंपडून हलवत राहा. गंज चढायला ओल लागते, त्यामुळे ऊन नसलं तरी चालतं. कोरड्या बियाच्या निम्म्या वजनाची भुकटी पुरते. पहिल्यांदा किलोभरच करा आणि मूठभर बी ओल्या गोणपाटात उगवून बघा. वाफ्याला चर मात्र काढाच. वीतभर पाणी आठवडाभर उभं राहिलं तर हा लेप मूळ धरून देणार नाही.

धन्यवाद ताई. वरच्या वाफ्याचा चर उद्याच काढतो. भुकटीचं कुणाला माहीत असेल तर अजूनही सांगा.