प्रति: बॅटरी शून्यावर गेली, लॅपटॉप उठत नाही
‘दहा मिनिटं चार्जर लावून दिवा लागला नाही म्हणजे बॅटरी मेली’ हा वरचा निष्कर्ष घाईचा आहे. बॅटरीतला लिथियम सेल साधारण ३ व्होल्टच्या खाली उतरला की चार्जिंगचं सर्किट सुरुवातीला अगदी थोडाच करंट सोडतं, त्यामुळे दिवा लागायला वेळ लागू शकतो. चार्जर काढून पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, मग मूळ चार्जर लावून तासभर थांबा. टाइप-सी असेल तर फोनचा ५ व्होल्टचा चार्जर बहुधा पुरत नाही, बऱ्याच लॅपटॉपना २० व्होल्ट लागतात.

गोव्यात, विशेषतः किनाऱ्याजवळ, पावसाळ्यानंतर चार्जरची पिन आधी बघा. खाऱ्या, दमट हवेने तिच्यावर हिरवट थर धरतो. प्लग काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. टचपॅड वर उचललेला दिसला तर मात्र चार्जिंगला लावूच नका, बॅटरी फुगलेली असू शकते.