शेतकऱ्याच्या मरणाला ‘धक्कादायक’ म्हणणं थांबवा

कापूसकरी, राळेगाव :
आपल्याकडे शेतकऱ्याने जीव दिला की मोबाईलवर ठरलेला मथळा येतो : ‘धक्कादायक! कर्जबाजारी शेतकऱ्याने संपवले जीवन’. पेपरवाल्यांनी आणि फॉरवर्ड करणाऱ्या आपण सगळ्यांनी हा शब्द इथे वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

धक्का त्याला बसतो ज्याला काही माहीत नसतं. इथे सोसायटीचं कर्ज थकलेलं असतं, झडीत सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटलेले असतात, पोरीचं लग्न लांबलेलं असतं. पानठेल्यापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांना हे ठाऊक असतं. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी बायको-लेकरांसह जीवन संपवलं ते 19 मार्च 1986 ला; राज्यातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणतात ती हीच. तेव्हा लोक हादरले, ते खरं होतं. इतक्या वर्षांनी तोच शब्द लावणं म्हणजे ‘आम्हाला कल्पनाच नव्हती’ म्हणून हात झटकणं आहे.

आणि खरोखर अचानक जे घडतं त्याला मात्र मऊ शब्द. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत, म्हणजे नेमका आपला कापूस घरात येतो तेव्हाच बाहेरच्या स्वस्त कापसाला दार मोकळं. जूनमध्ये पेरताना हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. बियाणं, खत, निंदण, डवरणी, सगळा खर्च होऊन बसलेला. ती बातमी आली ‘वस्त्रोद्योगाला दिलासा’ म्हणून!

तालुका वार्ताहर :
दादा, मी सहमत नाही. हा शब्द काढला की बातमी आतल्या पानावर चार ओळींत जाते. 2017 ची कपाशीवरची कीटकनाशकाची फवारणी आठवा. यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेचे रुग्ण पावसाळ्यातच दवाखान्यात येऊ लागले होते. ‘फवारणी करताना मजुराचा मृत्यू’ एवढंच छापून यायचं, कोणी ढुंकून पाहत नव्हतं. मोठे मथळे आले, बाहेरचे कॅमेरे वॉर्डात पोचले, तेव्हा कुठे ऑक्टोबरमध्ये विशेष तपास पथक नेमलं. जिल्ह्यात वीसच्या वर जीव गेले. लोकांना सवय झाली आहे म्हणूनच तर जोराचा शब्द लागतो.

आर्णीची ताई :
मले दोघायचंही पटत नाही. कापूसकरी भाऊ, तुम्ही म्हनता साऱ्या गावाले माहीत असते. घरच्या बाईले नसते हो. कर्ज किती, कोनाकोनाचं, हे नवरा तिले सांगतच नाही. माह्या मामेबहिनीले फोन आला तो ‘तब्येत जास्त हाय, निंघून ये’ असा. कोनी खरं सांगतलं नाही. एसटीत बसून ते बिचारी दवाखान्याचे पैसे मोजत व्हती. फाट्यावर उतरली, चार बाया सामोऱ्या आल्या, तवा समजलं. तिचं काळीज फाटलं ते काय खोटं व्हतं?

आन् मंग तिले कागद आला, ‘अपात्र’. कर्ज पावन्यायचं आन् बिनापरवान्याच्या सावकाराचं, बँकेचं नाही, म्हनून आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यायले सरकार देते ते एक लाखाची मदत नाही. गेलेल्या मानसाले अपात्र म्हनते! त्या शब्दावर कोनी मथळा केला नाही. भांडायचं तर त्याच्यासाठी भांडा.

कापूसकरी, राळेगाव :
ताई, घरातला धक्का मी कधीच नाकारणार नाही. तो घरच्यांचा आहे. जिल्ह्याने आणि पुढाऱ्यांनी तो आपल्या तोंडी घेऊ नये, एवढंच माझं भांडण. ‘अपात्र’बद्दल तुम्ही बोलल्या ते शंभर टक्के खरं.

वार्ताहर भाऊ, 2017 ला काम केलं ते तपशिलानं. कोणतं औषध, कोणता पंप, तोंडाला फडकं तरी होतं का, कपाशी डोक्याइतकी वाढल्यावर फवारा अंगावर कसा येतो, हे छापलं गेलं म्हणून सरकार हललं. ‘धक्कादायक’ तर तुम्ही नटीचं लग्न मोडलं तरी लिहिता.

दारव्ह्याचा पोट्टा :
बरोबर हाय. आमच्या ग्रुपवर ‘धक्कादायक’ दिसलं का पोट्टे उघडूनही पाहत नाहीत. गावाचं नाव दिसलं तरच पाहतात.

तालुका वार्ताहर :
मथळा डेस्कवर ठरतो, माझ्या हातात नाही. पहिल्या ओळीत पीक कोणतं, कर्ज कोणाचं आणि वसुलीची नोटीस कधी आली, हे मात्र मी लिहू शकतो आणि लिहीन. ताई, बहिणीने तो ‘अपात्र’चा कागद जपून ठेवला असेल तर मला दाखवा. तिची तयारी असेल तरच, नाव न देता, त्यावरचं कारण जसंच्या तसं छापू. ‘धक्कादायक’बद्दल माझं मत बदललेलं नाही.

आर्णीची ताई :
कागद हाय. तिले विचारून सांगतो.