विंचेस्टर १८९४, .३०-३० : ओतीव गोळ्या भरकटतात आणि चेंबरपुढे शिसं धरतं

तोडेवाला
रायफल विंचेस्टर १८९४ कार्बाइन, कॅलिबर .३०-३०, नळी १९२० च्या दशकातली. रायफलिंग (नळीच्या आतले पिळदार चर) शाबूत आहे, चर थोडे काळवंडलेत. साचा ली कंपनीचा, १७० ग्रेन वजनाच्या गोळीचा, चपट्या नाकाचा, गॅस चेकवाला (गोळीच्या बुडाला तांब्याची छोटी वाटी बसते). धातू क्लिप-ऑन व्हील वेट (गाडीच्या चाकांना लावतात ती शिशाची वजनं), वरून २ टक्के कथील, हवेत थंड केलेला. साइझिंग (डायमधून दाबून गोळी ठराविक व्यासाची करणं) ०.३०९ इंचावर, वंगण अलॉक्स आणि मधमाशीचं मेण निम्मं-निम्मं. क्रोनोग्राफवर वेग सेकंदाला १७५० फुटांच्या आसपास.

५० यार्डांवर बाकावरून पाच गोळ्यांचा ग्रुप (भोकांचा पसारा) सहा इंच, त्यात एक-दोन भोकं लांबट. चेंबरपुढच्या (काडतूस बसतं त्या खणापुढच्या) चार इंचांत शिशाचे पापुद्रे. फॅक्टरीची जॅकेटवाली (तांब्याचं आवरण असलेल्या गोळीची) काडतुसं याच नळीतून दोन इंचांत बसतात. धातू कडक करू की काडतुसातली दारू कमी करू?

तांबटआळी
दोन्ही थांबवा. शिसं कुठे धरलंय यातच निम्मं उत्तर आहे. नळीच्या तोंडाशी धरलं तर वंगण वाटेत संपलं. चेंबरपुढे लगेच धरलं तर गोळी चरात बसतच नाहीये, कडेने गरम वायू सुटतो आणि शिसं कापत जातो. लांबट भोकंही तेच सांगतात: गोळीला रायफलिंगची पकड नाही, फिरकी पूर्ण मिळत नाही.

.३०-३० चा कागदावरचा चर-व्यास ०.३०८, पण त्या काळच्या नळ्या ०.३०९ पासून ०.३११ पर्यंत काहीही निघतात. म्हणून आधी नळी मोजा. मॅगझिन आणि चेंबर रिकामं केल्याची खात्री करून लिव्हर पूर्ण खाली. नळीत तेलाचा बोळा फिरवा. मऊ शिशाचं मासेमारीचं वजन, नळीपेक्षा किंचित जाड, तोंडाकडून हलक्या हातोडीने आत बसवा आणि पितळी गजाने पुढे ढकला. लाकडी दांडा नको. तो तिरपा चिरतो, पाचरीसारखा अडकतो आणि मग दुसरंच काम लागतं. ढकलताना हाताला काय लागतं तिकडे लक्ष द्या. मागच्या साइटच्या खाचेखाली किंवा नळी रिसीव्हरमध्ये पिळून बसवलीय तिथे घट्टपणा जाणवला तर लिहून ठेवा. १८९४ ला सहा चर, म्हणजे बाहेर आलेल्या शिशावरचे समोरासमोरचे दोन उंचवटे सरळ मोजता येतात. मायक्रोमीटरच घ्या, कॅलिपरवर हजारावा भाग म्हणजे अंदाजपंचे.

दुसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. भरलेल्या एका काडतुसातली गोळी पुलरने बाहेर काढून परत मोजा. (आपटून गोळी बाहेर काढणारा हातोडीसारखा पुलर पुरतो.) तुमच्या डायमधला एक्सपांडर, म्हणजे केसची (काडतुसाच्या पितळी कवचाची) मान फाकवणारा भाग, जॅकेटवाल्या गोळीसाठी आहे. तो केसची मान इतकी घट्ट ठेवतो की मऊ ओतीव गोळी बसतानाच चेपते. ०.३०९ ची आत गेली आणि ०.३०७५ ची झाली, बाहेरून काही कळत नाही.

शिसं_कथील
तांबटआळींना दुजोरा. लायनोटाइपच्या (छापखान्यातला कडक शिशाचा मिश्रधातू) मागे लागू नका. हवेत थंड केलेले व्हील वेट साधारण १२ ब्रिनेल (कडकपणाचं माप) भरतात, गॅस चेक असताना १७५० ला ते पुरतात. लायनोटाइप २२ च्या आसपास. लहान गोळी कडक केली तर ती फुलून चर भरायची उरलीसुरली शक्यताही जाते. फक्त ओतल्यावर दोन आठवडे तशीच ठेवा. अँटिमनी असलेला धातू हळूहळू कडक होतो, काल ओतलेली आणि महिन्यापूर्वीची गोळी एका ग्रुपमध्ये मिसळलीत तर निकाल कशाचा ते सांगता येणार नाही.

आणि नळी आधी साफ. जॅकेटच्या तांब्यावर शिसं लगेच चिकटतं, म्हणून अमोनियावाल्या सॉल्व्हंटने बोळ्यावरचा निळा रंग जाईपर्यंत घासा. शिशाचे पापुद्रे काढायला जुन्या ब्राँझ ब्रशवर तांब्याच्या घासणीचे धागे गुंडाळा. घासणीला आधी चुंबक लावून बघा. चिकटला तर ते वर मुलामा दिलेलं लोखंड आहे. १८९४ तोंडाकडूनच साफ करावी लागते, तेव्हा गजाला गाइड लावा, नाहीतर तोंडाची कड झिजते.

पावशेर_दारू
माझं नाव काहीही असो, आकडे मॅन्युअलमधल्या ओतीव गोळीच्या पानावरून, तेही सुरुवातीच्या मात्रेपासून. इथे कुणी ग्रेन सांगितले तरी वापरू नका.

चाचणीत एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी व्यास, मग दारू अर्ध्या ग्रेनच्या पायरीने, वंगण सगळ्यात शेवटी. तांबं काढलेल्या नळीतून पहिल्या चार-पाच गोळ्या मोजू नका, नळी वंगणाने माखायला तेवढ्या लागतात. रायफल पुढच्या लाकडावर टेकवा, नळीवर नाही. या बंदुकीत नळी, मॅगझिनची नळकांडी आणि बँड एकमेकांना ओढतात. तापली की गोळ्या उभ्या रेषेत चढतात. दोन ग्रुपच्या मध्ये नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबा.

जलद जळणारी दारू .३०-३० च्या केसमध्ये तळाशी पडते, दुहेरी मात्रा सहज मावते. गोळी बसवण्याआधी सगळ्या केस ठोकळ्यात उभ्या करून टॉर्चने आत पाहा. आवाज फुसका आला तर पुढचं काडतूस घालू नका, गोळी नळीत अडकलेली असू शकते.

देवगडकर
हे भारतात घरी करता येतं का?

तांबटआळी
विचारही करू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो, बंदुकीचा परवाना त्यासाठी चालत नाही. कॅलिफोर्नियातल्या मंडळींसाठी: १ जुलै २०१९ पासून तिथे शिकारीला शिशाची गोळी चालत नाही.

तोडेवाला
मोजलं. चर ०.३१०५. काढलेली गोळी ०.३०७८! म्हणजे जवळपास तीन हजारांश लहान. वापरलेल्या केसची मान बाहेरून ०.३३६. साच्यातून गोळी ०.३११ पडते, मला ०.३१२ हवी. साचा बदलावा का?

तांबटआळी
झालं, सापडलं. साचा राहू द्या. साच्याच्या दोन ठोकळ्यांपैकी एकाच्या तोंडावर, गोळीच्या पोकळीपासून जरा लांब, उष्णता सहन करणाऱ्या ॲल्युमिनियम टेपच्या बारीक पट्ट्या चिकटवा. गोळी एक ते दोन हजारांशाने जाड पडते, सांध्यावर किंचित पिसारा येतो तो साइझरमध्ये बसतो. टेप जाड झाली तर गोळी अंडाकृती पडते, म्हणून सांध्यावर आणि सांध्याला आडवी अशी दोन्हीकडून मोजा. साइझिंग डाय ०.३१२.

मान फाकवायला लायमनचा ‘एम’ डाय. भरलेल्या काडतुसाची मान वापरलेल्या केसपेक्षा निदान दोन हजारांश लहान हवी, नाहीतर गोळी सुटायला जागा मिळत नाही आणि दाब चढतो. गॅस चेक मानेच्या खाली लोंबता कामा नये.

पावशेर_दारू
एक भर. अचूकतेची चाचणी एकेक काडतूस घालून करा. ती जमली की मॅगझिनची वेगळी. स्प्रिंग आणि झटका मिळून गोळी केसमध्ये मागे सरकवतात. पाच भरा, चार झाडा, पाचव्याची लांबी आधी-नंतर मोजा. फरक पडला तर क्रिंप (केसचं तोंड गोळीवर आवळणं) कमी आहे, किंवा केस एका लांबीच्या नाहीत. सगळ्या २.०३० इंचावर कापा, पूर्ण काडतूस २.५५० च्या आत. नाक चपटंच ठेवा. मॅगझिनमध्ये टोक पुढच्या प्रायमरवर टेकतं.

तोडेवाला
टेप लावून गोळी ०.३१२५ पडली, ०.३१२ ला साइझ केली. भरलेली मान ०.३३३. धातू, वंगण, दारू तीच. ५० यार्डांवर पाच-पाचचे चार ग्रुप, सगळ्यात मोठा सव्वादोन इंच. भोकं गोल. नळीत करडी छटा आहे, पापुद्रा नाही. मॅगझिनमधलं पाचवं काडतूस चार हजारांश आखूड झालं.

पावशेर_दारू
क्रिंप पाव फेरा वाढवा. मानेखाली केस फुगत नाही ना बघा, फुगली तर चेंबरमध्ये अडकेल.

शिसं_कथील
आणि दर शंभर गोळ्यांमागे टेप तपासा. कड उचलली की तो ठोकळा नीट मिटत नाही, पुन्हा अंडाकृती पडायला लागतात.