शब्दचर्चा: 'नेग्लिजन्स'ला मराठीत नक्की काय म्हणायचं? हलगर्जीपणा, हयगय की कसूर?

शुभदा_ट्यूटर
मंडळी एक शब्द अडलाय. मी एएनएमच्या (सहायक परिचारिका-प्रसविका कोर्स) मुलींना शिकवते, बहुतेक सगळ्या बारावी आर्ट्स मराठी मीडियम, आणि नर्सिंगमधला कायद्याचा भाग आला की वर्गात सगळ्यांचे चेहरे पडतात. 'नेग्लिजन्स' आणि 'मालप्रॅक्टिस' हे दोन शब्द इंग्लिशमधेच पाठ करून टाकतात, अर्थ विचारला की एका सुरात "हलगर्जीपणा मॅडम". मला तो शब्द तिथे खटकतो पण नेमका का ते सांगता येत नाहीये. मराठीत नोट्स काढायच्यात तर निष्काळजीपणा, हलगर्जीपणा, हयगय, कसूर, दुर्लक्ष यातलं कुठे काय वापरू?

उपसंपादक_निवृत्त
हलगर्जीपणा हा आमचा पेपरवाल्यांचा शब्द हो ताई. 'नर्सच्या हलगर्जीपणामुळे बाळ दगावले' असं हेडिंग रात्री साडेअकराला पान सोडताना आपोआप पडतं, चौकशी व्हायची असते, पोस्टमार्टेमचा रिपोर्ट यायचा असतो. फार तर शेवटी 'असा आरोप नातेवाइकांनी केला' एवढं शेपूट. त्यात माणसाच्या स्वभावावर बोट आहे, म्हणजे ती बाई मुळातच बेफिकीर, कामचुकार असा वास येतो त्याला. तुम्हाला खटकतंय ते हेच असावं.

बार_रूम
वकील आहे, जिल्हा कोर्टात. कायद्याचा मराठी शब्द 'हयगय' आहे, विषय संपला 🙂
जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०४अ म्हणजे हयगयीने मृत्यूस कारण होणे. एफआयआरमधे 'बेदरकारपणे व हयगयीने' ही जोडी कायम असते, ट्रकवाल्याला तीच आणि डॉक्टरला पण तीच. बेदरकार म्हणजे धोका दिसतोय तरी पुढे जाणं, आणि हयगय म्हणजे जेवढी काळजी घ्यायलाच हवी होती तेवढी न घेणं. स्वभाव कसा आहे हे कायदा विचारत नाही, त्या वेळी काय केलं आणि काय करायचं राहिलं एवढंच बघतो. एरवी अतिशय मन लावून काम करणारी सिस्टर पण एका रात्री हयगय करू शकते, तिला हलगर्जी म्हणणं अन्याय होईल पण हयगय झाली हे खरं असेल.

जुनी_परिसेविका
वकीलसाहेब बरोबर आहे पण आमच्या नशिबी 'कसूर' यायचा. सरकारी दवाखान्यात मेमो आला की पहिली ओळ ठरलेली, 'आपण आपल्या कर्तव्यात कसूर केल्याचे निदर्शनास आले आहे, तरी खुलासा २४ तासांत सादर करावा'. पेशंटला काही झालं नसलं तरी कसूर होतो. चार्टवर सही राहिली कसूर, ड्युटी ओव्हर न देता निघालात कसूर. आणि सर्क्युलरच्या शेवटी 'यात हयगय करू नये' असतंच, पण ते इतकं वाचलंय की कोणाच्या डोळ्याला दिसत नाही. शुभदाताई, मुलींना कसूर आणि कसर वेगळे आहेत हे पण सांगा, एका पोरीने खुलाशात 'मी कोणतीही कसूर सोडली नाही' असं लिहून दिलं होतं, मेट्रन हसून हसून बेजार.

विक्या
शब्दाने काय फरक पडतो पण, चूक ती चूक

बार_रूम
फरक पडतो भाऊ, कारण प्रत्येक शब्द वेगळ्या टेबलावर जातो. कसूर साहेबाच्या टेबलावर, हयगय पोलिसात आणि कोर्टात, आणि नुकसानभरपाई मागायची तर ग्राहक आयोगात, तिथे 'सेवेतील त्रुटी' असा चौथाच शब्द. त्याशिवाय महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या रजिस्टरला नाव आहे ते वेगळंच, ते गेलं की नोकरी कुठेच नाही.
भरपाईसाठी चार गोष्टी लागतात. काळजी घेण्याचं कर्तव्य होतं, ते मोडलं, त्याच्यामुळेच झालं, आणि नुकसान खरोखर झालं. एक तुटली की दावा लटकतो.

शुभदा_ट्यूटर
हे चार मुद्दे मुली पाठ करतात हो, पण उदाहरण द्या म्हटलं की गप्प.

जुनी_परिसेविका
मग हे द्या. फिमेल वॉर्ड, बेड ७ ला पाटील आणि बेड ११ ला पण पाटील. रात्रीची सिस्टर एकटी, चाळीस पेशंट, ७ चं अँटिबायोटिक ११ ला गेलं. हातावरचा बँड वाचला नाही, पूर्ण नाव विचारलं नाही, नुसतं "पाटील ना?" म्हणाली आणि अर्धवट झोपेतल्या बाईने हो म्हटलं, झोपेत कोणीपण हो म्हणतं. कर्तव्य होतं, मोडलं. आता ११ ला काहीच झालं नाही, तर भरपाई कशाची मागणार, मेमो मात्र येणार. आणि त्याच ११ ला त्या औषधाची ॲलर्जी असेल, केसपेपरवर लाल पेनाने लिहिलेली असेल आणि तिला त्रास झाला, तर चारही गोष्टी तिथेच पूर्ण झाल्या. चूक तीच, हात तोच, पण एकीकडे कसूर आणि दुसरीकडे हयगय.
चाळीस पेशंटला एक सिस्टर कोणी ठेवली ते कोणी विचारत नाही ही माझी जुनी तक्रार आहे, तो वेगळा धागा होईल.

बार_रूम
विचारतात ताई, निदान भरपाईच्या केसमधे तरी. नोकराच्या कामाला मालक जबाबदार हे तत्त्व आहेच. १९९८ चा सुप्रीम कोर्टाचा स्प्रिंग मेडोज खटला मुलींना जरूर सांगा. टायफॉईडचं लहान मूल, डॉक्टरने क्लोरॅम्फेनिकॉल लिहिलं, नर्सने क्लोरोक्वीन शिरेतून दिलं, नावं बघा किती जवळची आहेत. मुलाचं हृदय थांबलं आणि मेंदू कायमचा गेला. हॉस्पिटलला भरपाई द्यावी लागली, आणि मुलाबरोबर आईबापांना पण ग्राहक मानून त्यांची वेगळी भरपाई मंजूर झाली.
आपल्याकडचा हवा असेल तर अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. तेव्हाचं औरंगाबाद, सरकारी दवाखाना, जुलै १९६३, बाळंतपणानंतर नसबंदीचं ऑपरेशन आणि पोटात टॉवेल राहिला. बाई गेली. निकाल सुप्रीम कोर्टात १९९६ ला लागला, म्हणजे तीस वर्षांहून जास्त. सरकार म्हणायचं की डॉक्टरची चूक नेमकी कुठे ते सिद्ध करा, कोर्ट म्हणालं टॉवेल पोटात सापडला यातच सगळं आलं. याला लॅटिनमधे मोठं नाव आहे, मराठीत हातच्या कांकणाला आरसा कशाला.

जुनी_परिसेविका
म्हणून मॉप काउंट, म्हणजे ऑपरेशनला वापरलेल्या टॉवेलांची मोजणी. पोट बंद करायच्या आधी मोजायचे, सर्जन कितीही घाईत असो, फळ्यावर लिहिलेला आकडा आणि ट्रॉलीवरचा आकडा जुळला नाही तर "सर काउंट जुळत नाही" हे मोठ्याने म्हणायचं. ओरडले तर ओरडू देत.

विक्या
बरं, पण नर्सने डॉक्टरच्या सांगण्यावरून केलं तर ती कशी काय अडकते? ऑर्डर डॉक्टरची ना

बार_रूम
ऑर्डर डॉक्टरची, इंजेक्शन तिच्या हातातलं. डोस उघड उघड चुकीचा दिसत असताना डोळे मिटून दिला तर 'सरांनी सांगितलं होतं' हा बचाव टिकत नाही. विचारायचं, आणि विचारलं हे वेळ टाकून लिहायचं. फोनवरची ऑर्डर असेल तर परत वाचून दाखवायची, तिथल्या तिथे लिहायची आणि डॉक्टर आले की सही घ्यायची.
फौजदारीसाठी मात्र साधी हयगय पुरत नाही. जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य, २००५, लुधियानाची केस, पेशंटचा श्वास अडकलाय आणि आणलेला ऑक्सिजन सिलिंडर रिकामा. तरी कोर्टाने डॉक्टरवरची फौजदारी केस रद्द केली, भरपाईचा प्रश्न वेगळा पण जेलमधे घालायचं तर हयगय 'घोर' हवी म्हणाले. हे 'घोर' विशेषण नोट्समधे अंडरलाइन करा.
आणि अजून एक, हे नर्सिंगवाल्यांना फारसं माहीत नसतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात ३०४अ च्या जागी कलम १०६. पूर्वी जास्तीत जास्त २ वर्षं होती, आता ५. नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाला उपचार करताना झालं तर २ च, पण त्याची व्याख्या वैद्यकीय पदवी आणि मेडिकल रजिस्टरवर नाव अशी आहे. नर्सचं नाव नर्सिंगच्या रजिस्टरला. म्हणजे कलम जसं लिहिलंय तसं वाचलं तर एकाच टेबलाशी उभ्या दोघांपैकी डॉक्टरला २ पर्यंत आणि नर्सला ५ पर्यंत. मला हे अजिबात पटत नाही, पण शब्द असे आहेत.

जुनी_परिसेविका
हे वाचून हातपाय गार पडले.

उपसंपादक_निवृत्त
'मालप्रॅक्टिस' राहिलं. त्याचं तुमच्या मुलींच्या डोक्यात काय होत असेल सांगू का, परीक्षेतली कॉपी! हॉलतिकिटाच्या मागे छापलेलं असतं. त्यामुळे 'गैरप्रकार' लिहू नका, त्यात लबाडी येते. 'व्यावसायिक हयगय' चालेल, म्हणजे शिकलेल्या आणि नोंदणी असलेल्या माणसाने त्या शिक्षणाला शोभणारी काळजी न घेणं. मावशींनी ओली फरशी तशीच सोडली आणि पेशंट घसरला तर नुसती हयगय, सिस्टरने बीपी न बघता बीपीची गोळी दिली तर व्यावसायिक हयगय.

विक्या
आणि जबाबदारी? सगळीकडे तोच शब्द वापरतात

उपसंपादक_निवृत्त
तो आपल्याकडे फारच ताणलाय. सोपवलेलं काम पण जबाबदारी, चुकल्यावर भरायचं ते पण जबाबदारी. पहिल्याला 'कर्तव्य' आणि दुसऱ्याला 'दायित्व' करा, नोट्स स्वच्छ होतील. मूळ शब्द जबाब देणारा असाच आहे म्हणा, पोलीस नोंदवतात तोच जबाब.

शुभदा_ट्यूटर
खूप आभार सगळ्यांचे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. नोट्समधे असं टाकतेय बघा: 'हयगय म्हणजे त्याच परिस्थितीत दुसऱ्या कुठल्याही साधारण जाणत्या परिचारिकेने जी काळजी घेतली असती ती न घेणे. हयगईने पेशंटचे नुकसान झाल्यास दायित्व येते.' आणि 'कन्सेंट'ला काय लिहू? वॉर्डात सगळे 'सही घेतली का' एवढंच म्हणतात.

बार_रूम
व्याख्या उत्तम. सही म्हणजे संमती नव्हे, पेशंटला त्याच्या भाषेत काय करणार, धोका काय, दुसरा मार्ग कुठला हे सांगितल्यावर तो हो म्हणतो ती संमती. ते सांगायचं काम डॉक्टरचं आहे, सिस्टर फक्त साक्षीदार, पण प्रत्यक्षात फॉर्म घेऊन तिलाच पाठवतात. याला नवीन धागा काढा, मी येतो.

उपसंपादक_निवृत्त
हयगयीने. 'हयगईने' नाही. छापायला द्यायच्या आधी बदला.