पिण्याच्या पाण्याच्या लाइनला कोणती टेफ्लॉन टेप? (मदत हवी आहे)

स्वयंपाकघरात तीन जोड करायचे आहेत: सीपीव्हीसी (प्लॅस्टिक) पाइपच्या पितळी एल्बोत अर्धा इंची अँगल कॉक, पुढे फिल्टरला फाटा देणारा टी-व्हॉल्व्ह आणि सिंकचा नळ. दुकानात पातळ पांढरी, जाड पांढरी आणि पिवळी अशा टेपा आहेत. प्लंबरचा आग्रह मात्र आट्यांना (पेचाच्या चरांना) सफेदा, म्हणजे पांढरा लेप, लावून सूत गुंडाळायचा. पिण्याच्या पाण्याला यातलं काय निर्धोक? वेढे किती घ्यावेत?

प्रतिसाद १
सफेद्याला स्पष्ट नकार द्या. जुना सफेदा म्हणजे शिशाचा कार्बोनेट आणि आट्यांना लावतात तो शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड. हल्ली बिनशिशाचाही मिळतो, पण डब्यावर घटक छापलेले नसतील तर ओळखणार कसा? आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिसं लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. शिवाय सफेदा तेलात कालवलेला असतो. काही तेलांनी सीपीव्हीसीला बारीक तडे जातात, आणि ते लगेच दिसत नाहीत.

टेप घ्या. पीटीएफई (टेफ्लॉनचंच रासायनिक नाव) पाण्यात विरघळत नाही आणि २६० अंश सेल्सियसपर्यंत टिकते, त्यामुळे गिझरच्या लाइनलाही तीच चालते. पाण्याला लागते ती जोडाच्या तोंडाशी असलेली तिची बारीक कड, बाकी सगळी आट्यांत दबलेली. पाकिटावर एनएसएफ/एएनएसआय ६१ किंवा डब्ल्यूआरएएस असा पिण्याच्या पाण्यासाठीचा उल्लेख असेल तर तीच उचला. रंगावर जाऊ नका. पिवळी गॅससाठी जाड बनवतात. गॅसची चाचणी झाली म्हणजे पिण्याच्या पाण्याची झाली असं नाही.

उल्लेख नसलेलीच टेप मिळत असेल तर वीतभर उलगडून बोटांत चोळा. टेप बनवताना पीटीएफईच्या भुकटीत पातळ खनिज तेल मिसळतात आणि नंतर ते वाळवून काढायचं असतं. बोटाला तेलकट लागली किंवा रॉकेलसारखा वास आला तर ते काम अर्धवट झालंय, ती रीळ परत करा. ताणताच तुटणारी, हाताला पिसासारखी हलकी लागणारी टेपही नको. तिच्यात माल कमी असतो.

प्रतिसाद २
बहुतेक गळती टेपपेक्षा गुंडाळण्यामुळे होते. नळाचे आटे सरळ असतात, टोकाकडे निमुळते होत नाहीत, म्हणून आवळलं तरी फट उरते आणि ती टेपनेच भरायची असते. त्यात क्रोम गुळगुळीत, टेप त्यावरून सरकते. करवतीच्या पात्याने आटे आडवे हलकेच खरवडून घ्या आणि पुसा.

आट्यांचं तोंड स्वतःकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा. उलट गुंडाळली तर आवळताना सगळी मागे गोळा होते. पहिला आटा मोकळा ठेवा, नाहीतर टेपचा तुकडा तुटून पाण्यात जातो. प्रत्येक वेढा आधीच्यावर निम्मा चढवा आणि खालच्या आट्यांचे कंगोरे दिसतील इतका ताण द्या. ०.०७५ मिमी जाडीच्या टेपचे सरळ आट्यांवर ६ ते ८ वेढे, निमुळत्यांवर ३ ते ४ पुरतात. हाताने तीनेक फेरे जावेत, मग पान्याने एक-दीड. हातानेच शेवटपर्यंत गेला तर वेढे कमी पडलेत.

नळाचं तोंड सरळ यावं म्हणून मागे फिरवू नका. मागे फिरवलेला जोड हमखास झिरपतो. काढा, साफ करा, एक-दोन वेढे वाढवून पुन्हा बसवा.

आवळताना दुसऱ्या पान्याने एल्बो धरून ठेवा. नाहीतर पीळ भिंतीतल्या सोल्यूशनने चिकटवलेल्या पाइपच्या जोडावर जातो आणि टाइल फोडायची वेळ येते.

धागाकर्ता
दोघांचे आभार. कनेक्शन पाइपच्या नटालाही टेप लावायची का? आणि टी-व्हॉल्व्ह प्लॅस्टिकचा असेल तर?

प्रतिसाद २
कनेक्शन पाइपला नको. तिथे पाणी रबरी वॉशर अडवतो. आट्यांवर टेप चढली की नट पुरता बसत नाही आणि वॉशर दबत नाही. फिल्टरच्या दाबून बसवायच्या नळीलाही नको.

टी-व्हॉल्व्ह शक्यतो पितळीच घ्या. प्लॅस्टिकच्या आतल्या आट्यांत जाड टेप कोंबली तर ती पाचरीसारखी काम करते आणि कड उभी चिरते, कधी आठवड्याने. तिथे २ ते ३ वेढे आणि हाताने घट्ट केल्यावर अर्धा फेरा, बस्स.

जोड झाल्यावर तो कोरड्या फडक्याने पुसून जोडाखाली टिश्यूचा कागद बांधा आणि नळ बंद ठेवून लाइनचं पाणी रात्रभर चालू ठेवा. कागद ओला दिसला तर पाव फेरा पुढेच आवळा.

प्रतिसाद १
फिल्टर जोडण्याआधी नळाची जाळी काढून ५ ते १० मिनिटं पाणी वाहू द्या, नाहीतर टेपचे कण आणि पितळाचा कीस गाळणीत अडकतात. आणखी एक: साध्या कातीव पितळात २ ते ३.५ टक्के शिसं असतं. टेपपेक्षा मला याची काळजी जास्त वाटते. नवीन नळात रात्रभर साचलेलं पाणी पिऊ नका. सकाळचं पहिलं अर्धी बादली पाणी भांड्यांना किंवा फरशीला वापरा.